ड्युटीवर किती जणी होत्या?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलवायला आलेल्या मुलांनी विषय सांगितला, 'साधनं कमी असलेल्या दवाखान्यांत सेवा कशी सुधारायची'. मी म्हटलं, बाबांनो, हा विषय मोठ्या डॉक्टरांचा. मी अधिपरिचारिका, म्हणजे तुमच्या भाषेत स्टाफ नर्स. १९ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, त्यातली १४ नवजात बाळांच्या कक्षात. ती मुलं म्हणाली, आपा, म्हणूनच तुम्ही या. तेव्हा मी जे पाहिलं तेवढंच बोलणार आहे. मोठं काही बोलता येणार नाही.

आमच्या कक्षाचं सरकारी नाव 'विशेष नवजात शिशू काळजी कक्ष'. आम्ही एसएनसीयू म्हणतो. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं म्हणतात, 'बच्चे को पेटी में रखा है'. खरं तर आमच्याकडे पेटी नसते, वॉर्मर असतो. वरून उघडा, उष्णता देणारा पलंग म्हणा. जन्मतः १८०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ, जन्मल्यावर न रडलेलं, जास्त कावीळ झालेलं, जंतुसंसर्ग झालेलं, अशी बाळं तिथं येतात. कुणाची येतात? हातगाडीवाल्याची, ऊसतोडीला गेलेल्याची, हमालाची, घरकाम करणारीची. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो खासगीत जातो, आणि तिथले पैसे संपले की तोही आमच्याकडेच येतो.

आता मी तुम्हाला एक हिशेब घालते. शिबिरात सगळे भाषणं ऐकून कंटाळलेले असतात, हिशेबानं जाग येते.

दीड किलोच्या आतलं बाळ अंगावर ओढून दूध पीत नाही, त्याला तेवढी ताकद नसते. आईचं दूध काढून नळीनं द्यावं लागतं, दर दोन तासांनी. नळी जागेवर आहे का पाहायचं, दूध आपोआप हळूहळू उतरू द्यायचं, ढकलायचं नाही, नंतर बाळाला नीट निजवायचं, लिहायचं, हात धुवायचे. घाई न करता एका बाळाला १० मिनिटं लागतात. एसएनसीयूच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक पाळीत ३ ते ४ बाळांमागे एक नर्स हवी. चार बाळं म्हणजे ४० मिनिटं. दोन तासांतली ८० मिनिटं उरतात. त्यात सलाइन, इंजेक्शनं, तापमान, रक्त, नवीन भरती, आणि बाळांकडे नुसतं पाहत राहणं. हे नुसतं पाहत राहणंही कामच आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

मी ज्या रात्रीबद्दल सांगणार आहे त्या रात्री १६ वॉर्मर होते, २८ बाळं होती आणि आम्ही दोघी होतो. एकेकीच्या वाट्याला १४. चौदा दाहे एकशेचाळीस. दोन तासांत मिनिटं किती? १२०. म्हणजे मी फक्त दूधच पाजलं, एकाही बाळाला दुसरं काहीच केलं नाही, तरी २० मिनिटं कमी पडतात. सगळी बाळं काही इतकी छोटी नव्हती, काहींना चमच्या-वाटीनं चालत होतं, म्हणून रात्र निघायची. पण एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मधे मधे हात धुणाऱ्या आम्ही दोघी. मी मोजलं नाही किती वेळा धुतले आणि किती वेळा धुवायचे राहिले.

पहाट होती. फजरची अजान व्हायची होती. एका कोपऱ्यात ११५० ग्रॅमचं बाळ होतं, सहाव्या दिवसाचं. त्याचे वडील भाजीची गाडी लावायचे. पहिल्या दिवशी कानात अजान द्यायला त्यांना गाऊन घालून मीच आत घेतलं होतं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचा मेंदू कच्चा असतो. कधी कधी बाळ श्वास घ्यायचा विसरतं. आजार बिजार नाही, नुसतं विसरतं. त्यावर पहिला इलाज काय, माहीत आहे? तळव्याला टिचकी मारायची, पाठीवर बोट फिरवायचं. बहुतेक वेळा बाळ दचकून श्वास घेतं. पण हे लगेच व्हायला लागतं. उशीर झाला की मग बॅग आणि मास्क, आणि त्यानंतर काहीच आपल्या हातात नसतं.

माझ्या हातात दुसऱ्या बाळाची नळी होती, तिच्यात अर्धं दूध उतरलेलं. दुसरी सिस्टर प्रसूतिगृहातून आलेलं न रडलेलं बाळ घेत होती. मॉनिटर वाजला. अहो, मॉनिटर सारखेच वाजतात. वायर सुटली तरी वाजतो, बाळ हाललं तरी वाजतो. मी नळी बंद केली, बाळाला कुशीवर केलं, वळले, पोचले. दीड मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. डॉक्टर धावत आले. आम्ही बराच वेळ बॅग दाबली. ते बाळ परत आलं नाही.

पुढे चौकशी झाली. पहिला प्रश्न होता, ड्युटीवर कोण होतं? दोन नावं लिहिली गेली. माझ्याकडून खुलासा मागवला, मी दिला. चौकशीच्या सगळ्या कागदांत 'कोण' होतं, 'किती' कुठेच नव्हतं. बाहेर आलेले पत्रकारही तेच विचारत होते. नातेवाइकांपैकी काही जण माझ्यावर ओरडले, एकानं हातही उचलला होता. त्यांना तरी कुठून कळणार? आणि मी हेही लपवत नाही की चूक आमचीही असते. कंटाळा असतो, उद्धटपणा असतो, मोबाइल असतो. अशा सिस्टर मी पाहिल्यात, एकदोनदा मी स्वतःच तशी वागलेय. पण त्या रात्री मी मोबाइलवर नव्हते.

त्यानंतर महिन्याभरात कक्षात दोन नवे वॉर्मर आले. फीत कापली, पेढे वाटले. सिस्टर होत्या तेवढ्याच. दोन वॉर्मर वाढले म्हणजे आणखी तीन-चार बाळं वाढली, एवढंच.

यंत्रं नकोत असं मी म्हणत नाही. यंत्राला हात लागतो, एवढंच म्हणते. ऑक्सिजनचंच घ्या. लवकर जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो आणि जास्त झाला तर डोळे जाऊ शकतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. म्हणून मॉनिटरवरचा आकडा साधारण ९० ते ९५ च्या मधे राहावा असं आम्ही पाहतो. हा ९९ झाला की घरचे खूश होतात, आम्ही ऑक्सिजन कमी करतो. पण तो आकडा पाहून बटण फिरवणारं कुणीतरी शेजारी पाहिजे. आणि २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे चौथ्या आठवड्याच्या सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासायलाच हवेत. तामिळनाडूत एका सरकारी रुग्णालयात ही तपासणी राहून गेली आणि मुलीची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला सुमारे १.८ कोटी रुपये भरपाई द्यायला लावली. तुमच्या घरात, शेजारी, लवकर जन्मलेलं बाळ असेल तर डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासायची तारीख आहे का, एवढं आज घरी जाऊन बघा. माझ्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

मग माणसं कुठून आणायची? नर्स आकाशातून पडत नाहीत हे मलाही कळतं. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया नावाचा गरीब जिल्हा आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी असा कक्ष देशात पहिल्यांदा तिथं २००३ साली उभा राहिला. तिथंही नर्स पुरत नव्हत्या. त्यांनी आसपासच्या शिकलेल्या मुली निवडल्या, त्यांना बाळ हाताळायचं, दूध द्यायचं, स्वच्छता ठेवायची शिकवलं, आणि नर्सच्या हाताखाली उभं केलं. नर्स काढून नाही, नर्सच्या जोडीला. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तर ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि औषध सुरू करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांशी तुलना केली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. १९९९ साली हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आज तुमच्या मोहल्ल्यातली आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत जे सहा-सात वेळा घरी येते, त्याचं मूळ तिथं आहे. त्या सगळ्या फेऱ्यांचे तिला २५० रुपये मिळतात. 'ये तो हर दो दिन को आ जाती' म्हणून दार लावून घेऊ नका.

आता मी माझ्या आवडीच्या गोष्टीवर येते. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला एका मोठ्या प्रसूती रुग्णालयात आपल्यासारखीच गत होती. एका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्ग, नर्स कमी. डॉ. एडगार रे यांनी आयांना सांगितलं, बाळ छातीशी धरा. कातडीला कातडी लावून, कांगारूसारखं. गरिबीतून निघालेली युक्ती, पण ती पेटीला नुसता पर्याय ठरली नाही. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आपल्याकडचं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची तीन हजारांहून जास्त बाळं. अर्ध्या बाळांना नेहमीसारखं आधी वॉर्मरवर ठेवलं, स्थिर झाल्यावर आईकडे दिलं. अर्ध्यांना जन्मल्याबरोबर आईच्या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीशी दिलं आणि आईची खाट कक्षातच टाकली, दिवसातले जवळपास १७ तास. पहिल्या गटात १०० पैकी साधारण १६ बाळं महिन्याच्या आत दगावली, दुसऱ्या गटात १२. या फायद्यामुळे अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं योग्य नव्हतं.

ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा काय काय आडवं आलं ते सांगते. आईला बसायला खुर्ची नाही. बाळंतिणीला तासन्‌तास प्लास्टिकच्या स्टुलावर बसवता का? संडास दुसऱ्या मजल्यावर. जेवण वॉर्डात येतं, कक्षात येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पडदा. छाती उघडी करून बसायचं, आणि तिथून डॉक्टर जाणार, वॉर्डबॉय जाणार, ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन माणूस येणार. हिंदू बाईला लाज नसते का? तिलाही असते. पण आपल्या बायका सरळ 'हौ सिस्टर, हौ सिस्टर' म्हणायच्या आणि पाठ फिरली की बाळ परत वॉर्मरवर ठेवून द्यायच्या. इतर सिस्टरांना वाटायचं, ह्यांना बाळाची काळजी नाही. मी एकीला आपल्या बोलीत विचारलं तेव्हा ती रडली. म्हणाली, 'आपा, उधर से मरदां जाते ना.' एवढंच होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे तिच्या 'अशिक्षितपणा'वर चर्चा केली होती.

शेवटी आमच्या गल्लीतल्या दोन टेलर पोरांनी पडदे आणि पुढून उघडणारे गाऊन शिवून दिले. पैसे नको म्हणाले, कापड मात्र मीच घेतलं. पडदे लागले आणि आया बसायला लागल्या. मग सासवा. एकीनं घुट्टीची डबी ओढणीत लपवून आणली होती, मध घालून. मी हात धरला, 'खाला, अभी नक्को. इसका पेट अभी पका नहीं.' ती रागावली, मग दुसऱ्या दिवशी तीच सुनेला विश्रांती मिळावी म्हणून नातू छातीशी घेऊन बसली. पाच तास. झोप लागली तिला, बाळालाही.

हे सगळं पाहून एका साहेबांनी मीटिंगमध्ये म्हटलं, वा, आता आया आहेत तर सिस्टर कमी लागतील. मी उठून बोलले, मला राहवलं नाही. आई बाळाला ऊब देते, दूध देते, श्वास थांबला तर हाक मारते. हाक मारल्यावर येणारं कुणी पाहिजे ना? बाळंतिणीच्या फुकट मेहनतीवर आपण पदं वाचवणार का? साहेब गप्प बसले. पदं काही भरली नाहीत ती वेगळी गोष्ट.

तर पदांबद्दल. आपली माणसं दानाच्या बाबतीत मागे नाहीत. करोनात मशिदीत, दर्ग्यात, शाळेत पोरांनी ऑक्सिजनची सोय केली, कॉन्सन्ट्रेटर आणले, रात्र रात्र जागली. मी त्या पोरांना विसरणार नाही. पण त्यातले काही कॉन्सन्ट्रेटर आज कुठं आहेत ते मला माहीत आहे. जिन्याखाली. फिल्टर बदलायला कुणी नाही. वस्तू देणं सोपं असतं, फोटो निघतो. मोकळ्या पदाचा फोटो निघत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्याला काही द्यायची इच्छा झाली तर आधी तीन प्रश्न विचारा. कागदावर विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा. या कक्षात मंजूर पदं किती? भरलेली किती? आणि प्रत्यक्ष या कक्षात काम करणारी किती? तिसरा प्रश्न विसरू नका. कारण नर्स कागदावर इथं असते आणि प्रतिनियुक्तीवर भलतीकडेच असते. त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती, बंधपत्रित किती हेही विचारा. एकाच वॉर्डात, एकच काम, आणि एकीचा पगार दुसरीच्या निम्म्याहून कमी असेल तर ती टिकेल कशी? माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी आखातात गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. एकीनं तिथल्या पगारावर तीन बहिणींची लग्नं केली. पण जिला आम्ही सहा महिने खपून बाळाची बारीक शीर सापडायला शिकवलं, ती गेली की आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात कोण आहे, मीटिंग कधी होते, हे इथं किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा.

आता मुलींकडे वळते, आणि मुलग्यांकडेही, कारण ब्रदर पण लागतात. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर अब्बा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. रात्रीची ड्युटी, परपुरुषाला हात लावणं, लग्न कसं जमणार, हेच सगळं. आपल्या सभांमध्ये हजरत रुफैदा यांचं नाव फार प्रेमानं घेतात, मदिन्यात मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू होता, जखमींची सेवा करायच्या. टाळ्या पडतात. घरी जाऊन मुलगी म्हणाली मी नर्सिंगचा फॉर्म भरते, की टाळ्या थांबतात. अब्बांचं मन कसं वळलं त्यात मोठी कहाणी नाही. अम्मीला दवाखान्यात ठेवायची वेळ आली आणि तिला कॅथेटर घालायला बाई मिळेना. रात्रभर तिनं तसंच सोसलं. सकाळी अब्बांनी फॉर्मचे पैसे दिले. बोलले तरीही नाहीत.

फॉर्मचं नीट ऐका, इथं फसवणूक फार आहे. जीएनएम तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय पाहिजे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी द्यावी लागते. 'सहा महिन्यांत नर्स बना' अशी पाटी दिसली तर दुसऱ्या गल्लीनं जा. तो कोर्स करून खासगीत दहा-बारा तास उभं राहायचं आणि नर्स म्हणून कुठंच नोंदणी नाही, अशा किती मुली मी पाहते. त्यातल्या बऱ्याच आपल्या आहेत, कारण फी कमी आणि घराजवळ. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का हे प्रवेशाआधी बघायचं, नंतर नाही. जातीचा दाखला ज्यांचा निघतो त्यांनी आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये रांगेत उभं राहून तारीख जाते.

मला उठायला हवं. आज नाइट आहे, आठ वाजता ओव्हर घ्यायचीय. दुपारी निघताना विचारून आले, २१ बाळं आहेत आणि आम्ही तिघी. पहिल्यापेक्षा बरं आहे, अजून बरोबर नाही. माझ्याकडे वीसेक मिनिटं आहेत. प्रश्न असतील तर विचारा, आणि ती मागे बसलेली, निळ्या ओढणीवाली, मघापासून काहीतरी लिहून घेतेय, तिला आधी विचारू द्या.